जिवंत पेशीत उतरणारा रंग



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवत राहिले. त्यामुळे संयोजकांनी रंगांच्या रसायनशास्त्रावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी लगेच होकार दिला. या विषयाबद्दल एक समज पक्का रुजला आहे, आणि तो रसायनशास्त्र शिकणाऱ्यांतही आहे. रंगांचं शास्त्र एकोणिसाव्या शतकात जन्मलं, जर्मनीच्या कारखान्यांत वाढलं आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यात करण्यासारखं सगळं करून झालं. आता उरलं ते कापड, शाई आणि सांडपाणी, असा हा समज. मला तो मुळीच मान्य नाही. जिवंत पेशीच्या आत काय चाललंय हे आज आपण पाहू शकतो, यात सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्यांचा जेवढा वाटा आहे तेवढाच रंगाचे रेणू घडवणाऱ्यांचा आहे. आणि हे रेणू ज्या सांगाड्यांवर उभे आहेत, ते सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे आहेत. त्याच सांगाड्यांवर आजची माणसं काय काम करताहेत, ते आज सांगायचं आहे.

आधी अडचण समजून घेऊ. पेशी पारदर्शक असते. माणसाच्या शरीरातली एखादी साधी पेशी १० ते २० मायक्रोमीटरची. तिच्यात केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया, पटलांच्या घड्या, प्रथिनांचे धागे असं सगळं दाटीवाटीनं भरलेलं. पण त्यातलं जवळजवळ काहीच दृश्य प्रकाश शोषत नाही, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली फिकट कडा दिसतात आणि आतलं सगळं एकमेकांत मिसळून जातं. पूर्वी यावर उपाय होता तो पेशी मारण्याचा. फॉर्मॅलिनसारख्या द्रवात ती गोठवायची, मग रंगवायची. त्यातून शरीररचनेचं प्रचंड ज्ञान मिळालं, ते कमी लेखायचं कारण नाही. पण मायटोकॉन्ड्रिया दुभंगतात कशा, एकमेकींत मिसळतात कशा, पेशी दोन होताना गुणसूत्रं कोणत्या दोऱ्यांनी ओढली जातात, हे मेलेल्या पेशीत पाहता येत नाही. तिथे हालचाल संपलेली असते.

जिवंत पेशीत पाहायचं तर फ्लुओरेसन्ससारखं साधन नाही. १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी क्विनाइनच्या द्रावणावर सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यातला डोळ्यांना न दिसणारा जांभळ्यापलीकडचा भाग पाडला आणि द्रावण निळं उजळलेलं पाहिलं. रेणू जास्त ऊर्जेचा प्रकाश शोषतो, काही नॅनोसेकंद ती ऊर्जा धरून ठेवतो, थोडी उष्णतेत गमावतो आणि उरलेली अधिक लांब तरंगलांबीच्या प्रकाशाच्या रूपात सोडतो. आत गेलेला प्रकाश आणि बाहेर आलेला प्रकाश यांचा रंग वेगळा, हीच यातली मोलाची गोष्ट. कारण मग योग्य गाळणी लावून आत सोडलेला सगळा प्रकाश अडवता येतो, आणि डोळ्यापर्यंत पोचतो तो फक्त रेणूनं स्वतः दिलेला. पार्श्वभूमी काळी राहते. काळ्या पार्श्वभूमीवर एकटा रेणूसुद्धा दिसू शकतो, आणि आजचे सूक्ष्मदर्शक तो खरोखर पाहतात.

आता तो सांगाडा. १८७१ मध्ये अडॉल्फ फॉन बायर यांनी थॅलिक अनहायड्राइड आणि रिसॉर्सिनॉल एकत्र तापवलं आणि फ्लुओरेसीन मिळवलं. अल्कलीत विरघळवल्यावर ते ज्या पिवळ्या-हिरव्या तेजानं चमकतं, ते एकदा पाहिलेला विद्यार्थी विसरत नाही. पुढे १८८७ मध्ये बीएएसएफ कंपनीत काम करणाऱ्या मॉरिस सेरेसोल यांनी याच घराण्यातले, पण ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजनचे गट असलेले रोडामाइन रंग आणले. त्यांचा झगझगीत गुलाबी रंग रेशमावर खुलून दिसे. कापडाच्या व्यापाराला यातून जे मिळायचं ते मिळालं. दरम्यान १८७७ मध्ये दक्षिण जर्मनीत एक सुंदर प्रयोग झाला. डॅन्यूब नदीचं पाणी एका ठिकाणी जमिनीत नाहीसं होतं. ते जातं कुठे, हा वाद होता. अडॉल्फ क्नॉप यांनी तिथे दहा किलो फ्लुओरेसीन ओतलं, आणि सुमारे ६० तासांनी डोंगरापलीकडचा आख नदीचा झरा हिरवा चमकू लागला. त्यातून कळलं की डॅन्यूबचं हे पाणी ऱ्हाइनच्या खोऱ्यात जातं. माझ्या दृष्टीनं फ्लुओरेसंट रंगाचं खरं काम तिथे सुरू झालं: जे चाललंय त्याला धक्का न लावता त्याचा माग काढणं. आज मधुमेही रुग्णाच्या डोळ्याचा पडदा तपासताना दंडात जे पिवळं इंजेक्शन देतात, तेही हेच फ्लुओरेसीन. ही पद्धत १९६१ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात नोव्हॉटनी आणि अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी मांडली.

सांगाडा डोळ्यांसमोर आणा. तीन वलयं एका ओळीत जोडलेली, सपाट. मधल्या वलयाच्या एका टोकाला ऑक्सिजनचा अणू, समोरच्या टोकाला कार्बनचा. या कार्बनला खाली एक बेंझीनचं वलय लटकलेलं, आणि त्या वलयावर एक कार्बोक्सिल गट, म्हणजे आम्ल. वरच्या ओळीच्या दोन टोकांना फ्लुओरेसीनमध्ये ऑक्सिजन, रोडामाइनमध्ये नायट्रोजन. एवढंच. या चित्रातला लटकलेला कार्बोक्सिल गट, टोकाचा नायट्रोजन आणि मधल्या वलयातला ऑक्सिजन या तीन जागा लक्षात ठेवा. आजच्या व्याख्यानाचा जवळजवळ सगळा ऐवज या तीन जागांमध्ये आहे.

जिवंत पेशीत काम करणाऱ्या रंगाकडून काय काय हवं असतं? तो पेशीपटलातून स्वतःहून आत गेला पाहिजे. आत गेल्यावर हव्या त्याच जागी चिकटला पाहिजे. तिथे तो तेजस्वी हवा, दीर्घकाळ टिकणारा हवा. आणि त्यानं पेशीला इजा करता कामा नये. कागदावर ही साधी मागणी वाटते. प्रत्यक्षात या अटी एकमेकींच्या विरोधात जातात. पेशीपटल तेलकट असतं. विद्युतभार असलेला, पाण्यात सहज विरघळणारा रेणू त्यातून जात नाही. मग रेणू तेलकट करावा, तर तो आत जातो खरा, पण आतल्या प्रत्येक पटलाला चिकटत सुटतो आणि सगळी पेशीच धूसर उजळते. पालखीच्या वाटेवर लाखोंच्या गर्दीत एकच दिंडी वरून ओळखायची, तर सगळ्यांना पताका वाटून चालत नाही. त्या दिंडीतल्या वारकऱ्यांच्याच हातात ती गेली पाहिजे. आमच्या कामातला सर्वांत अवघड भाग हाच आहे.

पताका नेमक्या हातात कशी द्यायची, याला आता चांगली उत्तरं आहेत. एक आहे हेलोटॅग. ऱ्होडोकॉकस नावाच्या जिवाणूकडे क्लोरीनयुक्त साखळ्या तोडणारं एक विकर आहे. त्यात असा बदल केला की ते साखळीला पकडतं, पण काम पुरं करून सोडून देत नाही. कायमचं बांधलं जातं. हे प्रथिन जनुकाच्या पातळीवर आपल्या आवडीच्या प्रथिनाला जोडायचं आणि रंगाला क्लोरीन असलेली छोटी शेपटी लावायची. रंग आत गेला की तिथेच, फक्त तिथेच अडकतो. रसायनशास्त्रज्ञ काय यॉन्सन यांच्या गटानं याच विचारानं माणसाच्याच डीएनए दुरुस्त करणाऱ्या एका प्रथिनापासून स्नॅपटॅग बनवला. इथे कोणी विचारेल की जेलीफिशचं हिरवं प्रथिन आहे की, त्याला २००८ चं नोबेल मिळालं, मग रसायनशास्त्रज्ञांनी बनवलेल्या रंगांची गरज काय? ते प्रथिन अमूल्यच आहे. पण ते २३८ अमिनो आम्लांचं आहे, त्याचं तेज आणि टिकाऊपणा यांना मर्यादा आहेत, आणि एकेका रेणूचा माग काढायचा म्हटलं की ते लवकर विझतं. लहान, घट्ट, आपल्या हातानं हवा तसा बदलता येणारा रेणू तिथे सरस ठरतो.

आता पेशीपटलाचा प्रश्न. यात एक फार देखणी युक्ती रॉजर चिएन यांनी १९८१ मध्ये मांडली. पुढे हिरव्या प्रथिनाच्या नोबेलमध्ये जे तिघे होते, त्यांतले हे एक. तेव्हा ते पेशीतलं कॅल्शियम मोजायच्या मागे होते. पेशीबाहेर कॅल्शियम पेशीच्या आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी जास्त असतं, आणि आतल्या त्या जेमतेम पातळीतले चढउतार म्हणजे स्नायूला, चेतापेशीला मिळणारे हुकूम. कॅल्शियम पकडायला रेणूवर चार कार्बोक्सिल गट हवेत, म्हणजे चार ऋणभार. असा रेणू पटलातून जाईल कसा? चिएन यांनी चारही गटांवर एस्टरचं झाकण घातलं. भार झाकले गेले, रेणू आत गेला. आत पेशीची स्वतःची विकरं एस्टर तोडतात. झाकणं निघतात, भार उघडे पडतात, आणि रेणू आतच कोंडला जातो. पेशीचंच काम आपल्या कामाला लावायचं! १९८५ मध्ये त्यांच्या गटानं आणलेला फ्युरा-२ हा रंग आजही जगभर वापरात आहे. संश्लेषण शिकणाऱ्या प्रत्येकानं ही युक्ती मुळातून वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

पण रोडामाइनच्या सांगाड्यात याहूनही नाजूक सोय निसर्गतःच आहे, आणि ती शंभर वर्षं आपल्यासमोर असून तिचा असा उपयोग कोणाला सुचला नव्हता. तो लटकलेला कार्बोक्सिल गट आठवा. तो वळून मधल्या कार्बनला जाऊन जुळू शकतो. जुळला की एक नवं वलय तयार होतं, वरच्या सपाट ओळीतली इलेक्ट्रॉनांची सलग वाट तुटते, आणि रंग नाहीसा होतो. शिवाय रेणूवरचे भारही मिटतात. सुटला की पुन्हा वाट जोडली जाते, रंग येतो, चमक येते. ही दोन्ही रूपं द्रावणात सतत एकमेकांत बदलत असतात. बंद रूप: रंगहीन, भारहीन, पटलातून जाणारं. उघडं रूप: रंगीत, भारित, चमकणारं. कापड रंगवणाऱ्याला बंद रूप म्हणजे माल वाया जाणं. जिवंत पेशीत पाहणाऱ्याला मात्र नेमकं हेच हवं होतं.

हा कार्बोक्सिल गट किती महत्त्वाचा आहे, हे पाहायचं तर रोडामाइन १२३ कडे बघा. त्यात हा गट एस्टर करून टाकलेला असतो, त्यामुळे तो वळून जुळू शकत नाही. रेणू कायम उघडा आणि कायम धनभारित. १९८० मध्ये बोस्टनच्या लान बो चेन यांच्या गटानं दाखवलं की हा रंग जिवंत पेशीत थेट मायटोकॉन्ड्रियात जाऊन साठतो. कारण साधं आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंत सुमारे १८० मिलिव्होल्टचा फरक असतो, आत ऋण. एकभारी धन आयन दर ६० मिलिव्होल्टमागे दहापट गोळा होतो. म्हणजे तीनदा दहापट: हजारपट. मायटोकॉन्ड्रियांची वळवळणारी जाळी जिवंतपणी अशी लख्ख दिसू लागली. पण ही सोय फक्त मायटोकॉन्ड्रियापुरती. इतर ठिकाणी जायचं तर कार्बोक्सिल मोकळाच हवा.

तिसरी जागा, मधल्या वलयातला ऑक्सिजन. तो काढून तिथे दोन मिथिल गट असलेला सिलिकॉन बसवला, तर शोषली जाणारी तरंगलांबी जवळजवळ १०० नॅनोमीटरनं लाल बाजूला सरकते. हिरवा प्रकाश शोषणारा रेणू तांबडा प्रकाश शोषू लागतो. याचं महत्त्व मोठं आहे, कारण निळा-जांभळा प्रकाश पेशीतल्या फ्लेविनसारख्या रेणूंनाही चेतवतो आणि इजा करतो. तांबड्या प्रकाशात पेशी बरीच निवांत राहते. २०१३ मध्ये लोझान इथल्या यॉन्सन यांच्या गटानं सिलिकॉनचा असा एक रोडामाइन मांडला, त्यात कार्बोक्सिल मोकळा होता. सिलिकॉनमुळे मधला कार्बन त्या गटाला जास्त ओढ लावतो, म्हणून पाण्यात हा रंग बहुतांशी बंद राहतो. तो बंद रूपात पटल ओलांडतो, आत भटकतो तेव्हाही बंदच, म्हणून अदृश्य. स्नॅपटॅगला किंवा हेलोटॅगला बांधला गेला की प्रथिनाच्या भारित पृष्ठभागापाशी उघडं रूप सुखावतं, आणि तो तिथेच पेटतो. उरलेला रंग धुऊन काढायचीही गरज राहत नाही.

पुढच्याच वर्षी त्यांनी हा रंग पेशीच्या सांगाड्याला चिकटणाऱ्या रेणूंना जोडला, आणि एसटीईडी नावाच्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशीत सेंट्रोसोमची नवपदरी रचना दिसली; उंदराच्या चेतापेशीच्या लांब शेपटीत ॲक्टिनची कडी ओळीनं मांडलेली दिसली. ही कडी १८० ते १९० नॅनोमीटरवर असतात. इथे थोडं थांबून सांगायला हवं की १८७३ मध्ये अर्न्स्ट आबे यांनी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे साध्या प्रकाशसूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही. ती मर्यादा ओलांडल्याबद्दल २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेटझिग, हेल आणि मोएर्नर यांना मिळालं. भौतिकशास्त्रातलं वाटावं असं हे काम रसायनशास्त्रात का गणलं गेलं, याचं आश्चर्य अनेकांना वाटलं. मला वाटलं नाही. ही प्रत्येक पद्धत रेणूच्या चालू-बंद होण्यावर उभी आहे. रेणूनं साथ दिली नाही तर तो महागडा सूक्ष्मदर्शक नुसता अंधार दाखवतो.

आता राहिली नायट्रोजनची जागा, आणि इथे मला सर्वांत जास्त वेळ घ्यायचा आहे. रोडामाइनच्या टोकाला बहुतेक वेळा डायमिथिल अमिनो गट असतो: नायट्रोजनला दोन मोकळे मिथिल. रेणूनं प्रकाश शोषला की नायट्रोजनवरचा इलेक्ट्रॉन वलयांकडे झुकतो, आणि त्याच क्षणी नायट्रोजन आणि वलय यांच्यातला बंध पिळला जाऊ शकतो. पिळला की ऊर्जा प्रकाशाच्या रूपानं न जाता उष्णतेत निघून जाते. सूक्ष्मदर्शकासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या टेट्रामिथिल रोडामाइनचा क्वांटम यील्ड पाण्यात ०.४१ आहे. शोषलेल्या शंभर फोटॉनांपैकी एकेचाळीसच परत मिळतात. निम्म्याहून जास्त वाया. हा दोष जुना आणि माहीत असलेला. त्यावरचा जुना उपायही माहीत होता: नायट्रोजनला दोन्ही बाजूंनी मोठ्या वलयांनी मुख्य सांगाड्याशी जखडायचं, म्हणजे तो पिळलाच जाणार नाही. असे रंग लेसरमध्ये चालले. पण रेणू थोराड आणि तेलकट झाला, तरंगलांबी सरकली, पेशीत तो निरुपयोगी ठरला.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या जनेलिया संशोधन संस्थेत ल्यूक लेव्हिस यांच्या गटानं २०१५ मध्ये जे केलं ते कागदावर बघताना इतकं छोटं वाटतं, की विद्यार्थी विचारतात, "यात नवीन काय?" त्यांनी दोन मोकळे मिथिल काढले आणि त्यांच्या जागी नायट्रोजन धरून चार अणूंचं वलय बसवलं. त्याचं नाव ॲझेटिडीन. दोन मिथिलच्या तुलनेत वाढला तो फक्त एक कार्बन. शोषण ५४८ वरून ५४९ नॅनोमीटर, म्हणजे रंग तोच, गाळण्या त्याच, लेसर तोच. क्वांटम यील्ड मात्र ०.४१ वरून ०.८८. दुपटीहून जास्त. पाच अणूंचं वलय लावलं तर फायदा होतो, पण इतका नाही. सहा अणूंचं लावलं तर रंग मूळ रंगापेक्षाही मंद होतो. चारच्या वलयातल्या ताणामुळे नायट्रोजनला आपला इलेक्ट्रॉन पूर्ण सोडून पिळलेल्या अवस्थेत जाणं महाग पडतं. आणि हा बदल एका रंगापुरता राहिला नाही. कुमरिन, सिलिकॉनचा रोडामाइन, जिथे जिथे तो मोकळा अमिनो गट होता तिथे तिथे हा बदल लागू पडला. सिलिकॉनच्या रोडामाइनपासून असाच जो रंग झाला, तो जेएफ ६४६. दोन वर्षांनी याच गटानं ॲझेटिडीनच्या कोपऱ्यावर फ्लोरीनसारखे अणू बसवून दाखवलं की तरंगलांबी आणि बंद-उघड रूपांचं प्रमाण, दोन्ही हळूहळू हवं तसं सरकवता येतं. पूर्वी नशिबानं मिळणारी गोष्ट आता आखून मिळू लागली.

हे इतक्या उशिरा का सुचलं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. एक कारण संश्लेषणाचं. रोडामाइन बनवायची जुनी रीत म्हणजे अमिनोफिनॉल आणि थॅलिक अनहायड्राइड कडक आम्लात उकळायचं. तिथे नाजूक ॲझेटिडीनचं वलय टिकणं कठीण. लेव्हिस यांच्या गटानं उलट वाट धरली: आधी बायर यांचं जुनं फ्लुओरेसीन घ्यायचं, त्याच्या दोन ऑक्सिजनांवर ट्रायफ्लेट गट लावायचे, आणि मग पॅलेडियम उत्प्रेरक वापरून त्या जागी नायट्रोजन जोडायचा. आम्ल नाही, उग्र तापमान नाही. १८७१ चा रेणू आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस हाती आलेली पॅलेडियमची अभिक्रिया यांची गाठ पडली, तेव्हा हे जमलं. आणि ही मंडळी इतकी उदार की त्यांनी रंगाच्या कुप्या जगभरच्या प्रयोगशाळांना मोफत पाठवल्या. विज्ञानात मोठेपणा कशाला म्हणावं, याचं हे मला माहीत असलेलं एक स्वच्छ उदाहरण आहे.

ज्यांनी हे काम हातानं केलेलं नाही त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतलं थोडं सांगते. अभिक्रिया लावायची ती मिलिग्रॅमांत. फ्लास्कमधून हवा काढून नायट्रोजन किंवा आर्गॉन भरायचा. टीएलसी प्लेटवर ठिपका लावून वाट पाहायची. सिलिकॉनच्या रोडामाइनचं द्रावण फ्लास्कमध्ये जवळजवळ रंगहीन असतं, आणि तेच सिलिकाच्या प्लेटवर टेकवलं की निळं होतं, कारण सिलिका किंचित आम्लधर्मी असते आणि बंद रूप तिथे उघडतं. नवीन विद्यार्थी फ्लास्क पाहून हिरमुसतात आणि प्लेट पाहून उड्या मारतात. मग येतो कॉलम. शेपटी जोडण्यासाठी खालच्या बेंझीनवर आणखी एक कार्बोक्सिल लागतो, आणि तो पाचव्या जागी बसला की सहाव्या, यावरून दोन समघटक होतात. रंग एकच, वजन एकच, वागणं वेगळं. टॅगला जोडण्यासाठी बहुधा सहाव्या जागेचा चालतो. जुन्या पद्धतीत दोन्ही एकत्र मिळतात आणि ते वेगळे करताना संयमाची परीक्षा लागते. शुद्धतेबाबत इथे सवलत नाही. अशुद्धीचा अंश जरी स्वतंत्रपणे चमकला, तरी जीवशास्त्रज्ञाला पेशीत एक खोटी रचना दिसेल आणि तो तिच्यावर वर्षं घालवेल.

आपल्याकडे या विद्येची मुळं खोल आहेत. मुंबईत १९३३ मध्ये विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, ज्याला जुनी माणसं अजून यूडीसीटी म्हणतात. कृष्णस्वामी वेंकटरामन तिथले पहिले भारतीय संचालक, आणि १९५७ पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही पहिले भारतीय संचालक. 'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' या १९५२ ते १९७८ या काळात आठ खंडांत निघालेल्या त्यांच्या ग्रंथाशिवाय जगातल्या रंगशास्त्राचं कपाट पुरं होत नसे. रंग घडवणं, शुद्ध करणं, त्याची रचना आणि छटा यांचा संबंध लावणं, ही समज मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. म्हणून रंगरसायन घेणाऱ्या मुलांना "त्यात आता काय राहिलंय" असं सांगितलं जातं, तेव्हा मला राग येतो. जी मुलं कापडाचा रंग धुतल्यावर टिकावा म्हणून रेणू बदलायला शिकतात, तीच मुलं लेसरखाली न विझणारा रेणू घडवू शकतात. मधली भिंत अभ्यासक्रमाची आहे: रंगाच्या विभागातला विद्यार्थी जिवंत पेशी पाहतच नाही, आणि जीवशास्त्राचा विद्यार्थी कुपीवरचं नाव वाचून रंग वापरतो, त्याची रचना काढून पाहत नाही. दोघांना एका टेबलाशी बसवायला फार पैसा लागत नाही.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो: इजेचा. प्रकाश शोषलेला रेणू कधी कधी चमकत नाही, तर ट्रिप्लेट नावाच्या दीर्घायुषी अवस्थेत अडकतो, तिथून ऊर्जा ऑक्सिजनला देतो आणि तो ऑक्सिजन आजूबाजूचं सगळं जाळत सुटतो. रंगही विझतो आणि पेशीही आजारी पडते. सुंदर चित्र मिळतं, पण ते मरणाऱ्या पेशीचं. यावर दोन दिशांनी काम चाललं आहे. लेव्हिस यांच्या गटानं २०२१ मध्ये नायट्रोजनलगतच्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसवलं. त्या जागी बंध तुटणं मंदावतं आणि रंग जास्त टिकतो. पेकिंग विद्यापीठातल्या गटानं २०२० मध्ये सायनाइन रंगाला सायक्लोऑक्टाटेट्राईन हा आठ कार्बनांचा वलयी गट जोडला; तो ट्रिप्लेटची ऊर्जा उचलून निमूटपणे उष्णतेत घालवतो, ऑक्सिजनपर्यंत जाऊ देत नाही. त्या रंगानं मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाच्या घड्या जिवंतपणी, बराच वेळ पाहता येतात.

प्रकाशाशिवायची इजा वेगळीच. पेशीतल्या नलिका रंगवायला सिलिकॉनचा रोडामाइन जोडतात तो डोसेटॅक्सेलला, आणि डोसेटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध आहे. ते नलिका गोठवून पेशीचं विभाजन थांबवतं. जास्त रंग घातला तर आपण पाहतो ते औषधाचा परिणाम झालेली पेशी. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना माझा आग्रह असतो की चित्र कितीही देखणं असो, त्यासोबत चार ताटल्या हव्यात: रंग आणि प्रकाश दोन्ही, नुसता रंग, नुसता प्रकाश, दोन्ही नाहीत. चारही ताटल्यांतल्या पेशी सारख्याच गतीनं दुभंगतात का, ते मोजायचं. आमच्या क्षेत्रात तेजाचे आकडे छापायची रीत पक्की आहे, या चार ताटल्यांचे आकडे छापायची रीत मात्र अजून नीट बसलेली नाही. नवा रंग जाहीर करणाऱ्या प्रत्येक निबंधात क्वांटम यील्डच्या शेजारी तो तक्ता असावा, अशी माझी मागणी आहे, आणि माझ्यापुरती ती मी पाळते.